आईच्या नावाने येणारा डबा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी घरात भांडण झालं ते जीवनसत्त्वांवरून. भांडण म्हणजे त्या घरात जेवढं होत असे तेवढंच: बाबा वर्तमानपत्राची पानं जरा आवाज करून उलटत, आई भांडी जरा जोरात ठेवी आणि थोरली चष्मा काढून पुसायला घेई. याच्या वर प्रकरण कधी गेलं नव्हतं.

थोरली ही त्यांची एकुलती एक मुलगी. पाठचं कुणी नसताना तिला थोरली का म्हणत, तर अगदी लहान असताना तिनं निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्यांना ‘दार नीट ओढून घ्या’ असं बजावलं होतं. तेव्हापासून ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, चाळिशी ओलांडून गेली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि कुठलीही गोष्ट करण्याआधी त्या विषयावर छापलेलं सगळं वाचून काढायचं अशी तिला सवय लागली. एकदा स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या तेव्हा तिनं मुंग्यांवरचे दोन जाडजूड ग्रंथ आणून वाचले. ग्रंथ संपेपर्यंत मुंग्या आपण होऊन निघून गेल्या. त्यामुळे या पद्धतीवरचा तिचा विश्वास आणखीच दृढ झाला.

या वेळी तिनं वाचायला घेतलं होतं ते उतारवयातल्या पूरक गोळ्यांबद्दल. आईबाबा दोघंही सत्तरीला टेकलेले. वर्तमानपत्र उघडलं की हाडं ठिसूळ, टीव्ही लावला की स्नायू शिथिल. थोरलीनं बरेच दिवस खपून अभ्यास केला. प्रत्येक संशोधनाच्या विरुद्ध दुसरं संशोधन निघे आणि दोन्हींच्या शेवटी ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं लिहिलेलं असे. अखेर तिनं नाश्त्याच्या टेबलावर निष्कर्ष सांगितला: आधी नीट जेवावं, मग रक्त तपासावं, त्यात जे कमी निघेल तेवढंच घ्यावं, आणि दोन बाटल्यांत मिळून तीच वस्तू दोनदा पोटात जात नाही ना हे बघावं. एवढ्या अभ्यासातून इतकं साधं काहीतरी निघालं याचं तिला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

आई म्हणाली, “बरोबर आहे तुझं.” आईनं असं म्हटलं म्हणजे ती स्वतःच्या मनासारखंच करणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी तिनं फोनवरून एका कंपनीची ‘जोडीदार योजना’ घेऊन टाकली. दर महिन्याला घरपोच एक डबा. त्यात नवऱ्याच्या हिरव्या पुड्या आणि बायकोच्या जांभळ्या पुड्या, रोजची एकेक.

संध्याकाळी हे कळल्यावर थोरलीनं चष्मा पुसायला घेतला. आई म्हणाली की फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. आई म्हणून हाक मारत होती. जेवलात का म्हणून सारखं विचारत होती.

“जेवलीस का, हे मी रोज विचारते,” थोरली म्हणाली.

“तू विचारतेस ते तपासणीला आल्यासारखं.”

बाबांचा आक्षेप वेगळा होता. प्रत्येक पुडीचं निव्वळ वजन किती, हे कंपनीनं फोनवर सांगितलं नव्हतं. आईनं भांडं जरा जोरात सरकवलं, तसं बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आईनं विषय मिटवला: महिनाभर बघू, नाही पटलं तर बंद करू, एक फोन करायचा आणि सांगायचं, त्यात काय मोठंसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं, जरा टेकते म्हणाली आणि खुर्चीत बसली. आधण आटून भांडं तापल्याचा वास आला तेव्हा थोरली स्वयंपाकघरात गेली.

पुढचं सगळं मामांनी केलं. मामांचा आवाज मोठा आणि ओळखीही मोठ्या, त्यामुळे नातेवाईक, शेजारी, दूधवाला, कॉलेजचे प्राचार्य, सगळ्यांना त्यांनीच कळवलं. थोरलीच्या समोर जो येई त्याला आधीच माहीत असे. ‘आई गेली’ हे वाक्य स्वतःच्या तोंडून काढायची तिच्यावर एकदाही वेळ आली नाही, आणि वेळ आली नाही म्हणून तिनं ते काढलं नाही. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत त्या पुन्हा सांगू नयेत, असं तिचं एकंदर मत होतं.

आता भेटायला येणाऱ्यांचं बघा. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जाववत नाही, आणि न्यावं काय हे सुचत नाही. फुलं कोमेजतात, फळं सगळेच आणतात. बाबांचं वय पाहता लोकांना एक नवीनच वाट सापडली. समोरच्या काकूंनी कॅल्शियमची बाटली आणली. ती त्यांना त्यांच्या नणंदेनं दिली होती, नणंदेला कुणीतरी निवृत्तीच्या समारंभात दिली होती. म्हणजे बाटलीनं बराच प्रवास केला होता आणि तिची मुदत संपत आली होती. “लवकर संपवा हं,” एवढंच काकू म्हणाल्या. खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊन आले. बँकेत जन्म गेल्यामुळे त्यांचा सल्ला असा पडला की सगळा भरवसा एकाच गोळीवर टाकू नये. थोडं हाडांत ठेवावं, थोडं हृदयात, थोडं डोळ्यांत. मामांनी ताकदीची पावडर आणली, जिच्या डब्यावर उघड्या दंडांचा एक तरुण होता. बाबांनी त्या तरुणाकडे बराच वेळ पाहिलं आणि डबा इतरांच्या रांगेत ठेवला.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासण्यात, पाकिटावर छापलंय तेवढंच आत भरतंय ना हे बघण्यात त्यांची हयात गेली. त्यातून त्यांचा एक धर्म तयार झाला होता: छापील मजकूर म्हणजे दिलेला शब्द. छापणाऱ्यानं तो पाळला पाहिजे आणि विकत घेणाऱ्यानंही पाळला पाहिजे. कॅल्शियमच्या बाटलीवर ‘रोज जेवणानंतर एक’ असं छापलेलं होतं. माशाच्या तेलाच्या बाटलीवरही तसंच होतं. पावडरीवर ‘दोन चमचे, दुधातून’. बाबा प्रत्येकाचं ऐकत होते. एकेक बाटली घेतली तर त्यांचं काहीच चुकत नव्हतं. सगळ्या बाटल्या एकाच माणसाच्या पोटात जात होत्या ही गोष्ट कुठल्याच लेबलावर छापलेली नव्हती.

जेवण मात्र नावाला उरलं होतं. थोरली पुस्तकात बघून स्वयंपाक करी आणि तो पुस्तकासारखाच होई, म्हणजे माहिती भरपूर, चव बेताची. बाबा दोन घास खात, पाव कुरतडत आणि हे जेवण झालं असं समजून गोळ्यांकडे वळत. पानात वाढलेलं अन्न तसंच राही, पण गोळी एकही चुकत नसे.

अशात जोडीदार योजनेचा पहिला डबा आला. आणणाऱ्या माणसाला खातेदाराची सही हवी होती.

“त्या घरी नाहीत,” थोरली म्हणाली.

त्यानं मग तिचीच सही घेतली. डब्यावर आईचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत होतं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, आत वाचण्यासारखं आणखी काही असावं तसं पुन्हा वाचलं, आणि डबा टेबलाच्या मध्यावर, आई बसे त्या बाजूला ठेवला.

त्यांनी हिरवी पुडी घेतली. मग जांभळी हातात घेऊन ते विचार करत बसले. वाया घालवणं या घरात कधी कुणाला जमलं नव्हतं. उरलेल्या भाताचं काय करायचं यावर आईबाबांनी संसारात जेवढी चर्चा केली तेवढी थोरलीच्या भवितव्यावर केली नव्हती. शेवटी त्यांनी जांभळी पुडीही फोडली. थोरलीनं हळूच सांगितलं की ती पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी आहे.

“पुरुषांनी घेऊ नये असं छापलेलं नाही,” बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

खरं संकट सुरू झालं ते बाबांनी माशाच्या तेलाची बाटली मोजली तेव्हा. छापलेल्या आकड्यापेक्षा गोळ्या कमी भरल्या. निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड कुणी पाहिला नव्हता. त्यांनी बाटलीवरच्या पत्त्यावर कायद्याच्या कलमांसकट तक्रार धाडली. गोळ्यांच्या कंपनीनं क्षमा मागितली आणि भरपाई म्हणून दोन मोठ्या बाटल्या पाठवल्या. बाबांनी त्याही मोजल्या. बरोबर निघाल्या. ते थोडे खट्टू झाले आणि त्या बाटल्यांचंही रोजच्या रोज सुरू झालं.

थोरलीनं मग सुट्टीच्या दिवशी भिंग घेऊन बसायचं ठरवलं. साऱ्या बाटल्या टेबलावर उभ्या केल्या आणि मागचा बारीक मजकूर वाचायला सुरुवात केली. कॅल्शियम कॅल्शियमच्या बाटलीत होतं हे ठीक; ते पावडरीतही होतं, हिरव्या पुडीत होतं आणि जांभळ्या पुडीत तर सढळ हातानं घातलेलं होतं. ड जीवनसत्त्व म्हणजे मुक्कामाला आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं, ज्या खोलीत डोकवावं तिथं हजर. बाबा चहाबरोबर खात त्या बिस्किटांतसुद्धा ते होतं. बेरीज करून तिनं पुन्हा केली, कारण पहिली तिला खरी वाटली नाही.

ती हे सगळं सांगायला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. यातलं बंद काय करावं, असा तिचा प्रश्न होता. औषधवाला गोंधळला. म्हणाला, “ताई, चालू काय करू हे सगळे विचारतात. बंद करायचं कुणी विचारत नाही हो.” इतक्या गोळ्यांनी पित्त होत असेल, असं म्हणून त्यानं पित्ताची गोळी दिली, आणि वारांप्रमाणे खण असलेली एक डबी. बाबांना डबी आवडली. पण एका वाराच्या गोळ्या एका खणात मावेनात, म्हणून त्यांनी आणखी एक डबी आणवली. गोळ्या कमी करायला गेलेल्या थोरलीच्या हाती शेवटी जादा गोळी आणि दोन डब्या आल्या होत्या. ग्रंथालयात तिच्या हाताखालच्या बाईंनी तिला विचारलं की चेहरा का उतरलाय. थोरलीनं सांगितलं, वर्गीकरणाचा प्रश्न आहे.

बाबांना मलावरोध झाला. ही बातमी जिन्यातून कशी फिरली कुणास ठाऊक, पण बँकवाल्या काकांनी ईसबगोल, समोरच्या काकूंनी कसलीशी वाळकी फळं आणि मामांनी फोनवरून व्याख्यान पाठवलं. थोरली जिना उतरताना लोक आता आवाज खाली आणून विचारत, “झाली का?” ती मान हलवे आणि भराभरा उतरे. वाचलेल्या इतक्या पुस्तकांत या प्रश्नाला उभ्यानं उत्तर कसं द्यायचं ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा तिनं मुळावरच हात घालायचं ठरवलं. जोडीदार योजना बंद करायची. एक फोन करायचा आणि सांगायचं.

फोन लागल्यावर बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी आली, आणि खरोखरच गोड बोलली. योजना बंद करायची आहे हे ऐकून तिला वाईट वाटलं. पण नियम असा होता की खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच तोंडून तसं ऐकावं लागतं. “आईंना द्या ना फोन, मॅडम.”

“त्या घरी नाहीत.”

कधी येतील, असं मुलीनं विचारलं. थोरली म्हणाली, सांगता येत नाही. मुलीचा आवाज उजळला. प्रवासाला गेल्या आहेत का? मग योजना बंद कशाला करायची, प्रवासी ग्राहकांसाठी वेगळी सोय आहे. थोरलीच्या पुढ्यात एक दार उघडल्यासारखं झालं आणि ती त्यातून आत गेली. म्हणाली, “हो.”

मग पत्ता द्या, डबा तिकडेच पाठवू. थोरली म्हणाली, तिथं पत्ता नाही. मुलगी म्हणाली, “डोंगरात वगैरे आहेत का?”

“तसंच काहीसं,” थोरली म्हणाली. आयुष्यभर संदर्भासहित बोलणाऱ्या बाईच्या तोंडून हे निघालं. फोन ठेवल्यावर ती चष्मा पुसत बसली.

सत्तरीची ग्राहक डोंगरात हिंडते आहे या बातमीनं कंपनीत काय झालं असेल ते आपण कल्पनेनंच जाणायचं. इतकं खरं की पुढच्या महिन्यात एकाऐवजी दोन डबे आले. दुसरा भेटीदाखल होता, त्यात गिर्यारोहकांसाठी क्षारांच्या खास पुड्या होत्या आणि ‘तुमच्या जिद्दीला सलाम’ असं छापलेलं होतं. बाबांनी ते वाचलं. थोरलीला वाटलं, आता विचारतील. त्यांनी वारांची डबी पुढं ओढली. क्षारांची पुडी दिवसातून दोनदा घ्यायची होती; ते तिच्या वेळा डबीच्या खणात बसवायच्या मागे लागले.

त्या महिन्यात बाबा पाणी फार पिऊ लागले. सारखे उठत, सारखे न्हाणीघराकडे जात, येताना भिंतीला हात लावत येत. वर्तमानपत्र घेऊन बसत आणि तेच पान पुन्हा वाचत. एके दिवशी दुपारी त्यांनी थोरलीला आईच्या नावानं हाक मारली. ती ‘ओ’ म्हणाली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई कमी शब्दांत बोलणाऱ्या होत्या. रक्त काढलं, निकाल आला, आणि त्यांनी सांगितलं की हे जे काही घेतात ते सगळं उचलून इथं घेऊन या. सगळं उचलून आणायला भाजीची चाकांची पिशवी लागली. दवाखान्याच्या बाकावर बाबा, थोरली आणि फुगलेली पिशवी असे ओळीनं बसले. शेजारच्या गृहस्थांनी पिशवीत डोकावून विचारलं की गुडघ्यांसाठी काही आहे का, आणि घाऊक घेतलं तर कसं पडेल. थोरलीनं ती विक्रेती नसल्याचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. बाबांनी मात्र त्यांना गोळ्या मोजून घ्यायचा सल्ला दिला.

आत डॉक्टरीणबाईंनी बाटल्या टेबलावर मांडून पाहिल्या, मांडायला जागा संपली तेव्हा थांबल्या. बाबांच्या रक्तात कॅल्शियम इतकं वाढलं होतं की मूत्रपिंडांना ते झेपत नव्हतं. तहान, मलावरोध, थकवा, विसरणं, सगळं त्यातूनच. त्या म्हणाल्या की यातलं एकही वाईट नाही, फक्त यांतल्या एकाचीही बाबांना गरज नव्हती. ब१२ थोडं कमी आहे, तेवढं आपण देऊ. बाकी अंडं, दूध, डाळी, पालेभाजी, सकाळचं ऊन आणि चालणं. “गोळी निवडायची तर आधी रक्ताला विचारायचं असतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शेजाऱ्यांना विचारलंत.”

आपण काही विचारलंच नव्हतं, हे थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला मागे थांबवून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं: हे असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडं जातील, आणि या वयात ती गेली की माणूस फार टिकत नाही.

घरी आल्यावर बाबांनी शिस्तीत सगळं सोडलं. माशाचं तेल सोडलं, कॅल्शियम सोडलं, पावडरीवरच्या तरुणाला काकूंच्या भाच्याकडे पाठवलं. डब्या धुऊन पालथ्या घातल्या. थोरलीचा जीव भांड्यात पडला. मग ते टेबलाशी बसले, त्यांनी आईच्या नावाचा डबा पुढं ओढला आणि जांभळी पुडी काढली.

थोरलीनं सांगितलं की सगळ्यात जास्त कॅल्शियम त्यातच आहे. बाबांना ते माहीत होतं, त्यांनी लेबल वाचलेलं होतं.

“हे बंद नाही करता येणार,” ते म्हणाले. “तिनं सुरू केलंय. ज्याच्या नावावर असतं त्यानंच बंद करायचं असतं. तसा नियमच आहे.”

त्या नियमापुढे काय बोलायचं तेही थोरली आधी वाचून बघायला गेली. तिनं पुस्तकांत शोधलं. उतारवयातलं एकाकीपण, औषधांचा अतिरेक, मुलांनी पालकांशी कसं बोलावं यावरचं एक भाषांतरित पुस्तक, ज्यात मुलं आणि पालक एकमेकांना भराभर सगळं सांगून टाकत. या घरात तसं कधी चाललंच नव्हतं. इथं ‘काळजी वाटते’ असं म्हणायचं असलं की दुसऱ्याचा स्वेटर कपाटातून काढून ठेवत. मग पुढच्या महिन्याचा डबा आला तो तिनं परस्पर लपवला, आपल्या खोलीत, शब्दकोशांच्या मागे. बाबांना वाटलं डबा आलाच नाही. त्यांनी कंपनीला फोन करून तो मिळाला नसल्याची रीतसर तक्रार नोंदवली. कंपनीनं क्षमा मागितली आणि तातडीनं नवा डबा पाठवला. त्यातल्या पुड्या बाबांनी मोजल्या, बरोबर निघाल्या, आणि पुन्हा रोजच्या रोज सुरू झालं.

थोरली कॉलेजातून येऊन आधी बाबांच्या खोलीच्या दारात उभी राही आणि पांघरूण खालीवर होतंय ना ते बघे. ते झोपलेले नसले तर म्हणत, “काय गं?” ती म्हणे, “काही नाही, खिडकी लावायची होती.” खिडकी लावलेलीच असे.

रविवारी जेवायच्या वेळी फोन वाजला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवत आणि मग थोडं वाकून बोलत. थोरली गॅसपाशी पालक ढवळत होती. गोड आवाजाची मुलगी स्वयंपाकघरभर पसरली. आई आल्या का, असं तिनं विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले. “ती बाहेर आहे. आली नाही अजून.”

थोरलीचा हात थांबला. इतके दिवस तिला वाटत होतं की हे असं बोलणारी घरात ती एकटीच आहे.

मुलगी सांगत होती की वरच्या साहेबांना आईंचा फोटो हवाय, डोंगराचा असेल तर उत्तमच. कंपनीच्या मासिकात मुखपृष्ठावर घेणार आहेत. आणि खूशखबर अशी की पुढचं वर्षभर त्यांना दर महिन्याला दोन डबे, अगदी मोफत. आई कधी येतात तेवढं सांगा, म्हणजे आम्ही मुलाखतीला माणूस पाठवतो.

बाबा फोनकडे बघत राहिले. त्यांच्या एका हाताशी जांभळी पुडी होती, तिचं टोक फाडून झालं होतं. पालक खाली लागत होता.

थोरलीनं गॅस बंद केला, ओल्या हातानंच टेबलापाशी आली आणि फोनवर वाकली.

“त्या प्रवासाला गेलेल्या नाहीत,” ती म्हणाली. “माझी आई वारली. तुम्ही तिला डबा विकलात त्याच्या दुसऱ्या दिवशी.” आवाज तिचाच होता, ग्रंथालयात तारीख उलटून गेल्याचं सांगताना येतो तसा, सपाट. “खातं बंद करा.”

मग मुलगी म्हणाली की तिला फार वाईट वाटलं, आणि ते खरंच वाईट वाटल्यासारखं वाटलं. पण नोकरी ती नोकरी. तिनं घसा साफ केला आणि पुढ्यातलं वाचून दाखवावं तसं बोलू लागली: खातेदाराचं निधन झाल्यास योजना आपोआप बंद होत नाही, ती हयात जोडीदाराच्या नावावर चढते. म्हणजे आजपासून खातेदार काका. चालू ठेवायची की बंद करायची, ते आता काकांनीच सांगायचं. “काका, काय करू?”

नियम आता बाबांच्या बाजूला येऊन बसला होता. बाबांनी पुडीकडे पाहिलं. टेबलाच्या त्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग मान वर करून, हे घर झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी थोरलीचा सल्ला विचारला.

“काय सांगू गं हिला?”

थोरलीनं चष्मा काढला. पुसायला पदर नव्हता, रुमाल नव्हता, हात ओले होते. चष्मा तसाच टेबलावर ठेवून ती बाबांच्या समोर बसली. फोनमधली मुलगी वाट बघत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

“बाबा, आई गेली,” ती म्हणाली. “आता तुम्ही तरी राहा.”